फिरत्या घरातला जुना टीव्ही : एक संवाद

ज्या भूमीवर महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाच्या कारभारास १ ऑगस्ट १९६२ रोजी आरंभ झाला, त्या ठाण्याच्या वागळे इस्टेटीत आज पासपोर्टाची कचेरी आहे, काचेच्या भिंतींच्या बहुमजली इमारती आहेत, आणि त्याच इमारतींच्या पाठीमागे, नावांऐवजी क्रमांकांनी ओळखल्या जाणाऱ्या रस्त्यांच्या पोटगल्ल्यांतून, लेथ चालवणाऱ्या, पत्रा वाकवणाऱ्या आणि गाड्यांच्या बॉड्या बांधणाऱ्या शेडही अद्याप तग धरून आहेत. नवे कोरे घडविण्यापेक्षा जुन्यास पुन्हा चालते करण्यात या शेडमधील मंडळींचे चातुर्य अधिक खुलते, असे आमचे फार दिवसांचे मत आहे. आणि येथे निवेदन करावयाचा वाद अशाच एका शेडमध्ये झाला, हा निव्वळ योगायोग आम्ही मानीत नाही.

वादाचा विषय होता एक टीव्ही, आणि तो टीव्ही ज्या घरात होता त्या घरास चाके होती. आमच्या एका स्नेह्यांनी, ज्यांना सारा गोतावळा मामा म्हणूनच ओळखतो, इस्टेटीतल्याच एका कारखान्याच्या मेन्टेनन्स खात्यात नोकरीस असताना टाटा ४०७ च्या चासीवर एक छोटेखानी घर बांधून घेतले होते : चार माणसे निजतील अशा फळ्या, स्टीलचा ओटा, शेगडी, पाण्याची टाकी, आणि चालकाच्या पाठीमागच्या भिंतीत, सागवानी कपाटात, एकवीस इंची रंगीत टीव्ही. महाराष्ट्र शासनाने कॅरॅव्हान पर्यटनाचे धोरण जाहीर केले ते २०२१ साली. मामांची एमएच-०४ क्रमांकाची गाडी त्याच्या पुष्कळ आधीपासून पंढरपूर, तुळजापूर, गणपतीपुळे अशा वाऱ्या करीत होती, आणि आपण इतकी वर्षे जे चालवीत आलो त्यास कॅरॅव्हान म्हणतात, हे मामांना धोरणाची बातमी वाचून कळले.

गाडीचा पत्रा गंजला म्हणून ती शेडमध्ये आली होती. पत्रा उघडलाच आहे तर आतला डबा टीव्हीही काढून त्या जागी चपटा पडदा बसवावा, असा प्रस्ताव मामांच्या भाचीने मांडला. ती इलेक्ट्रॉनिक्सची अभियंता. मामांनीच तिच्या हाती पहिला मल्टिमीटर दिला, त्यामुळे तिच्या प्रत्येक आक्षेपात मामांना आपलीच शिकवण आपल्यावर उलटलेली दिसे. पुढचे संभाषण आम्ही रंगाच्या एका पालथ्या डब्यावर बसून ऐकले.

भाची : मामा, हा टीव्ही बावीसेक किलोचा आहे. लोखंडी पिंजरा आणि कपाट धरले तर तीसच्या पुढे जाईल. एवढे वजन डोक्याच्या उंचीवर ठेवून तुम्ही आंबा घाट उतरता. नवा चोवीस इंची घेतला तर तीन-चार किलोंत काम होते.

मामा : आंबा घाट मी उतरतो, टीव्ही नाही उतरत. तो जागचा हलत नाही, तो वजनामुळेच. तुझा तो पापड एका खड्ड्यात निखळून मामीच्या कढईत पडेल.

भाची : चार बोल्टांवर बसतो तो. मागे चौकोनात भोके असतात, ती ठरलेल्या मापांची. नायलॉक नट आणि रबरी बूश घातले की हादरा बोल्टांपर्यंत पोचण्याआधीच मरतो. आणि पिंजरा लागतो तो वजनाला, पडद्याला नव्हे.

मामा : पिंजऱ्याला नावे ठेवू नकोस. तो ज्याने केला त्याने निम्म्या मुंबईचे व्हिडिओ कोच केले आहेत.

व्हिडिओ कोच या संस्थेविषयी येथे थोडे विस्ताराने लिहिणे अगत्याचे आहे, कारण मामांच्या कपाटाची वंशावळ थेट तिथवर जाते. दिल्लीत १९८२ साली भरलेल्या आशियाई क्रीडास्पर्धांच्या निमित्ताने दूरदर्शनला रंग चढला आणि त्यानंतरच्या काही वर्षांत मुंबईहून कोल्हापूर, सांगली, शिर्डी, गोवा अशा दिशांना रात्री सुटणाऱ्या खाजगी बसगाड्यांच्या पाठीवर ‘व्हिडिओ कोच’ ही अक्षरे मोठ्या दिमाखाने झळकू लागली. केबिनमागच्या पार्टिशनवर, लोखंडी पट्ट्यांच्या पिंजऱ्यात, कुलूपबंद टीव्ही; व्हीसीआर क्लीनरच्या ताब्यात; आणि कॅसेट कोणती लावावी याचा सर्वाधिकारही त्या क्लीनरकडेच, ज्याच्या हुकमावर अपील नव्हते. मागल्या बाकावरच्या उतारूस पडद्यावर काय चालले आहे हे डोळ्यांपेक्षा कानांनीच अधिक कळे, घाटाच्या वळणावळणाला चित्रावर आडव्या रेघा धावत, आणि नायकाचा सूड पुरा होण्याच्या ऐन घटकेला गाडी चहापाण्यास थांबे. परंतु चाळीस माणसे, त्यांना आवडो वा न आवडो, झोप येवो वा न येवो, एकच चित्रपट एकाच वेळी पाहत होती, आणि पहाटे उतरताना एकमेकांची नावगावे ठाऊक नसलेली माणसे त्याच्या शेवटावरून हुज्जत घालीत होती. मामांनी आपल्या फिरत्या घरात टीव्ही बसविला तो या नमुन्यावरहुकूम : तीच जागा, तोच पिंजरा, आणि सर्वाधिकार एकाच माणसाच्या हाती. या शेवटच्या कलमाकडे त्या वेळी आमचेही लक्ष गेले नव्हते.

भाचीने वजनाचा मुद्दा फार ताणला नाही. खाली पडलेला पत्र्याचा एक कापलेला तुकडा तिने उचलला, मार्करने त्यावर मधोमध रेघ ओढली आणि डाव्या बाजूस ‘डबा’, उजव्या बाजूस ‘चपटा’ असे लिहिले.

भाची : आता विजेचा जमाखर्च पाहू. मागची बॅटरी १२ व्होल्ट, १५० अँपिअर-अवर. कागदोपत्री १८०० वॉट-तास. पण लेड-ॲसिडची बॅटरी निम्म्याखाली उतरवू नये असे तुम्हीच सांगत आलात, म्हणून हाती राहिले ९००. डबा टीव्ही ८० वॉट घेतो. तो चालतो २३० व्होल्टांवर, आणि १२ चे २३० करून देताना इन्व्हर्टर आपली दस्तुरी कापून घेतो. म्हणजे बॅटरीतून गेले ९५. तीन तासांचा चित्रपट, २८५. नवा पडदा १२ व्होल्टांवर चालणारा घेऊ, मध्ये इन्व्हर्टर नको. त्याचे ३० धरा, तीन तासांचे ९०. वाचले १९५. आणि छतावरचा छोटा पंखा २० वॉट घेतो.

मामा : म्हणजे?

भाची : म्हणजे तुमचा एक चित्रपट हा मामीच्या उशाशी जवळजवळ दहा तास फिरणारा पंखा आहे. मे महिन्यात, गुहागरला.

मामा : १२ व्होल्टांचा म्हणतेस, पण इंजिन चालू असताना अल्टरनेटर चौदा-साडेचौदा देतो. तुझा पडदा पहिल्याच दिवशी जळेल.

भाची : मध्ये कन्व्हर्टर लावायचा. आत अकरा येवोत की पंधरा, बाहेर बाराच. तळहाताएवढी पेटी असते.

मामांनी तो पत्रा हातात घेऊन बेरीज-वजाबाकी पुन्हा तपासली, आणि ती बरोबर आहे असे पाहून तो भिंतीशी उभा करून ठेवला. आपला मुद्दा गमावल्यावर माणूस विषय बदलतो. मामांनी मात्र आपल्या टीव्हीची एक खोडच पुढे केली, आणि ती अशा अभिमानाने की जणू तो त्याचा पराक्रम असावा. गाडी एका तोंडाने उभी असली की पडद्याचा एक कोपरा जांभळा पडतो, बातम्या देणाऱ्या बाईंचा एक गाल हिरवट दिसतो. गाडी फिरवून दुसऱ्या तोंडाने लावली की डाग कोपरा बदलतो किंवा नाहीसा होतो. घरातल्या टीव्हीला असे होत नाही, हे मामांना ठाऊक होते.

भाची : होणारच. पिक्चर ट्यूबमध्ये तीन किरण, आणि प्रत्येकाने जाळीच्या भोकांतून आपापल्या रंगाच्या ठिपक्यावरच पडायचे. पृथ्वीचे चुंबकत्व त्यांना केसभर ढकलते. घरातल्या टीव्हीची दिशा बदलत नाही, त्यामुळे एकदा जमले की जमले. तुमच्या टीव्हीची दिशा प्रत्येक मुक्कामी वेगळी. जाळीतले चुंबकत्व काढणारी कॉइल आत आहे, पण ती फक्त थंड टीव्ही चालू करताना क्षणभर काम करते.

मामा : म्हणूनच मी मुक्कामाला पोचलो की गाडी लावून आधी चहा घेतो. तोवर तो निवतो. मग बटण दाबले की ‘घूंऽ’ करतो, चित्र थरथरते, आणि रंग जागच्या जागी. तुला कॉलेजात शिकविले ते मला हर्णैच्या बंदरावर या टीव्हीने शिकविले.

या उत्तरावर भाचीपाशी प्रत्युत्तर नव्हते, आणि असते तरी ते तिने दिले नसते असे तिच्या चेहऱ्यावरून वाटले. ज्या यंत्राच्या खोडी माणसाने पाठ केल्या त्या यंत्राशी त्याचा घरोबा जडतो, आणि निर्दोष यंत्राशी तो जडत नाही. पण घरोबा हा काही कोणत्या दरबारात ग्राह्य धरला जाणारा पुरावा नव्हे, हेही तितकेच खरे.

मग मामांनी आपले खरे शस्त्र काढले. पिंजऱ्याचे कुलूप उघडून त्यांनी टीव्ही फळीवर पालथा घेतला, पाठीचे झाकण सोडविले आणि आतल्या धुळीवर एक फुंकर घातली. हिरव्या-तपकिरी पट्टीवर ठिकठिकाणी नव्या डागाच्या चमकत्या खुणा दिसत होत्या.

मामा : हे फ्लायबॅक बदललेले. हे दोन कपॅसिटर बदललेले. गाडीच्या हादऱ्याने जोड सुटायचे, ड्राय सोल्डर. भिंग लावून एकेक शोधला आणि पुन्हा डाग दिला. सुटा माल लॅमिंग्टन रोडला मिळाला नाही असे कधी झाले नाही. तुझ्या पडद्याचे काय उघडणार? काचेला तडा गेला की दुकानदार सांगतो, पॅनेल गेले, नव्याच्या भावात पॅनेल, त्यापेक्षा नवाच घ्या.

भाची : ते खरे आहे. पॅनेल गेले की टीव्ही गेला. पण मामा, पॅनेलखेरीज बाकीचे आजही दुरुस्त होते. पाठीमागच्या एलईडीच्या पट्ट्या बदलतात, पॉवर सप्लायचे कार्ड बदलते. आणि तुमची पिक्चर ट्यूब गेली असती तर तुम्ही काय केले असते? टीव्हीच्या किमतीचा मोठा हिस्सा ट्यूबच होती. लोक मान कापून नवी गन बसवून घेत, आणि थोड्याच दिवसांत चित्र पुन्हा फिके पडे. आता तर ट्यूब बनविणारे देशातले कारखानेही उठले. तुम्ही जे बदललेत ते फ्लायबॅकदेखील दुसऱ्या मेलेल्या टीव्हीतून काढलेले होते, हे मला माहीत आहे.

मामा : मेलेल्यातून काढून जिवंत करता आले, हेच तर मी म्हणतो.

या ठिकाणी आम्हांस मामांची बाजू घ्यावीशी वाटली, आणि अंशतः अजूनही वाटते. मात्र मामा ज्या कारणासाठी ती घेतात त्या कारणासाठी नव्हे. एखादी वस्तू दुरुस्त होते की नाही, हे तिच्या पोटातल्या तारांइतकेच तिच्याभोवती जमलेल्या माणसांवर अवलंबून असते : सुटा माल विकणारा, डाग देणारा, नक्शा वाचू शकणारा, आणि दोन पैसे वाचविण्यासाठी आठवडाभर थांबायला राजी असलेला गिऱ्हाईक. या साखळीची एकेक कडी गळत गेली की उत्तमोत्तम यंत्रही भंगाराच्या वजनाने विकले जाते. वागळे इस्टेटीत ही गळती ज्यांनी जवळून पाहिली आहे, त्यांना टीव्हीचे उदाहरण निराळे द्यावयास नको. मोठ्या कारखान्यांच्या जागी कचेऱ्यांचे मनोरे उभे राहिले, आणि ज्या टूलरूमांतून मामांसारखी माणसे तयार झाली त्यांची जागा वाहनतळांनी घेतली. तेव्हा भाचीने मामांना असे विचारणे शक्य होते की दुरुस्तीचा बाजार जर उठलाच आहे तर त्या बाजारातल्या मालाचा हट्ट कशासाठी. आणि मामांनाही तिला असे विचारणे शक्य होते की तो बाजार कोणी उठविला. दोघांनीही ते विचारले नाही. त्याऐवजी बोलणे छतावर गेले.

छतावर काटेरी ॲल्युमिनिअमचा अँटेना आडवा बांधलेला होता. तो फिरविण्यासाठी मामांनी आतून एक दांडा काढला होता, आणि त्या दांड्याचा इतिहास हा मुंबई इलाख्यातल्या दूरचित्रवाणीचा छोटा इतिहासच होय. मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. पुढच्या वर्षी सिंहगडावर सहक्षेपण केंद्र उभे राहून पुण्यात तेच कार्यक्रम दिसू लागले. त्या काळी टीव्हीचा परवाना टपाल कचेरीतून काढावा लागे, हे आज सांगितले तर तरुणांस थट्टा वाटते. मामांची गाडी रस्त्यावर आली ती परवान्याची भानगड संपल्यावर. पण वरळीच्या मनोऱ्याकडे रोखलेला अँटेना खंडाळ्याच्या वर चढल्यावर सिंहगडाकडे वळवावा लागे, तसे केल्याने पडद्यावरच्या मुंग्या विरळ होत आणि माणसे दिसू लागत, आणि ही क्रिया चालू असता आतून ‘आलं, आलं, गेलं’ असा घोष करण्याचे काम घरातल्या सर्वांत लहान मुलाकडे असे. ते मूल म्हणजे हीच भाची.

भाची : मामा, आता हा दांडा कुणीकडे फिरवणार? हवेतून येणारे दूरदर्शनच बंद झाले. २०२२ पर्यंत प्रसार भारतीने मोक्याच्या थोड्या ठिकाणचे वगळून ते जुने प्रक्षेपक उतरविले. केबलचा डबा तर आपल्याकडे २०१३ मध्येच सक्तीचा झाला, ठाण्यालाही आणि कल्याण-डोंबिवलीलाही. या टीव्हीला जे पकडता येत होते ते हवेत उरलेलेच नाही.

मामा : छत्री लावीन. दूरदर्शनच्या फ्री डिशला महिन्याचे पैसे नाहीत. पिवळी-पांढरी-लाल पिन मागे खुपसली की हाच टीव्ही चालतो.

भाची : चालतो. पण छत्री प्रत्येक मुक्कामी नव्याने लावायची. आपल्याकडून तो उपग्रह आग्नेयेला, क्षितिजापासून साठेक अंशांवर. गाडीचे तोंड कुठेही असो, छत्रीचे तोंड तिथेच हवे, बोटभर चुकले तरी चित्र नाही. आणि तिथे माड आडवा आला तर?

मामा : दांडा फिरवायची सवय आहे मला.

या एका उत्तरावरून आमच्या ध्यानात जे आले ते येथे नोंदवितो. डबा टीव्ही झिजला नव्हता. त्याची काच निर्मळ होती, आवाज खणखणीत होता, आणि मामांसारखा मालक असता तो आणखी काही वर्षे खचित चालला असता. झिजले होते ते त्याच्याभोवतीचे जग. जे ऐकण्यासाठी त्याचे कान बनविले होते ते बोलणेच बंद झाले, आणि आता तो कोणा दुभाष्याच्या, म्हणजे त्या सेट-टॉप डब्याच्या, मध्यस्थीवाचून एक अक्षर समजू शकत नव्हता. अशा वेळी टीव्ही बदलण्यास ‘सुधारणा’ म्हणणे हे थोडे उद्दामपणाचे, आणि न बदलण्यास ‘निष्ठा’ म्हणणे हे थोडे भाबडेपणाचे ठरते.

मापाचा प्रश्न तेवढा गमतीने सुटला. चोवीस इंची म्हणजे प्रचंड, कपाटात मावणार नाही, असे मामा म्हणत होते. भाचीने टेप लावून दाखविले की नव्या पडद्याची उंची जुन्या एकवीस इंचीच्या काचेएवढीच, सुमारे तीस सेंटिमीटर भरते. वाढते ती रुंदी, आणि तीही सागवानी चौकटीत बसते. एवढेच काय, मामांच्या काळचे चौकोनी चित्रीकरण नव्यावर लावले तर दोन्ही बाजूंस काळ्या पट्ट्या राहून चित्र जुन्यापेक्षा किंचित लहानच दिसेल. हे ऐकून मामांना जो आनंद झाला तो लपविण्याचा त्यांनी मुळीच प्रयत्न केला नाही.

मामा : म्हणजे इतका खर्च करून ‘चिमणराव’ लहानच दिसणार! बरे, तू मला एक सांग. पडदा लावलास. छत्रीचा कंटाळा येणार, म्हणून तू त्याला मोबाईलचे इंटरनेट जोडणार. घाटात रेंज जाणार. मग जो तो आपापल्या फोनवर आधी उतरवून ठेवलेले पाहणार, कानात बोंडे घालून. चार फळ्यांवर चार पडदे. तुझा चपटा टीव्ही हा त्या वाटेवरचा एक थांबा आहे, मुक्काम नव्हे. माझ्या गाडीत एक टीव्ही आहे म्हणून काय पाहायचे यावर भांडण होते. भांडण होते म्हणून माणसे एकत्र बसतात.

भाची : भांडण कधी झाले, मामा? मला तर एकही आठवत नाही.

मामा : अगं, रोज व्हायचे.

भाची : रोज तुम्ही ठरवायचात. दांडा तुमच्या हाती, रिमोट तुमच्या हाती, कपाटाची किल्ली तुमच्या कडदोऱ्याला. आणि मामीने या गाडीत कधी काही पाहिलेच नाही, हे तुमच्या लक्षात आले आहे का?

मामा : काहीतरीच काय? ती असायचीच की आत.

भाची : आत असायची, ओट्यापाशी. उठा जरा. इथे उभे राहा, पोळ्या करताना उभे राहतात तसे. आता सांगा, टीव्हीची जागा दिसते?

मामा उठले आणि ओट्यापाशी जाऊन उभे राहिले. ओटा मागच्या दाराजवळ, उजव्या हाताला. त्याच्यापुढे कपड्यांचे उभे कपाट, आणि टीव्हीची जागा त्या कपाटाच्या पलीकडे, फळ्यांकडे तोंड करून; टीव्ही जवळजवळ अर्धा मीटर खोल असल्यामुळे ती भिंतीत घट्ट रुतलेली. मामांनी मान डावीकडे काढली, मग उजवीकडे, मग टाचा उंचावून पाहिले. सागवानी चौकटीची कड आणि पिंजऱ्याचे कुलूप यांपलीकडे त्यांना काही दिसले नसावे, कारण खाली बसताना ते काही बोलले नाहीत.

वर व्हिडिओ कोचच्या मागल्या बाकावरील उतारूचा उल्लेख आला आहे. चित्रपट कानांनी पाहणारा तो उतारू मामांच्या घरात इतकी वर्षे प्रवास करीत होता, आणि तो तिकीट न काढता शिरलेला कोणी परका नव्हता. बावीस किलोंची वस्तू एकदा भिंतीत चिणली की तिचे तोंड जिकडे त्या बाजूची माणसे प्रेक्षक ठरतात आणि पाठीमागची सेवेकरी. हा काही मामांचा दुष्टपणा नव्हे. वजनाला दिशा बदलता येत नाही, आणि जे बदलता येत नाही त्याबद्दल कोणी विचारीत नाही. प्रस्तुत लेखकाच्या मते या साऱ्या खटल्याचा निकाल वजन, वीज, चुंबकत्व वा दुरुस्ती यांपैकी कशावरही लागला नाही; तो या एका दृष्टिरेषेवर लागला. चपट्या पडद्याचा खरा गुण तो चपटा आहे हा नसून तो हलका आहे, आणि हलका असल्यामुळे बिजागरीच्या हातावर बसवून दिवसा ओट्याकडे व रात्री फळ्यांकडे वळविता येतो, हा आहे. भाचीने हा मुद्दा पहिल्याने न मांडता शेवटास का ठेवला, हे आम्ही तिला नंतर विचारले. ती म्हणाली, मामांना आधी आकडे हरू द्यावेत, मग माणसे.

मामांनी हार पत्करली ती मात्र तहनामा करून, आणि त्याची कलमे त्यांनी तोंडी सांगितली. गाडी चालू असताना बिजागरीचा हात खिळीने बंद राहावा. वळणावर पडदा झुलता कामा नये. सागवानी कपाट मोडू नये; टीव्ही निघाल्यावर मागे जी खोल जागा मोकळी होईल तिथे मधला कप्पा घालून तिचा उपयोग व्हावा. पंख्याची वायर आणि पडद्याची वायर यांना निरनिराळे फ्यूज असावेत. अँटेनाचा दांडा राहू द्यावा. या शेवटच्या कलमाचे कारण भाचीने विचारले नाही, आणि मामांनीही सांगितले नाही.

राहता राहिला प्रश्न जुन्या टीव्हीचा. शेडचा मालक मघापासून ऐकत होता. तो म्हणाला, गल्लीच्या तोंडाशी भंगारवाला आहे, हातोहात नेईल. यावर मामा आणि भाची, सबंध दुपारभरात प्रथमच, एकदम बोलले. भंगारवाला काय करतो हे दोघांनाही ठाऊक होते : ट्यूबची मान फोडायची, भोवतालच्या कॉइलचे तांबे काढून घ्यायचे, पट्टी उचकटायची, आणि शिसे मिसळलेली जाड काच नाल्याच्या कडेला लोटून द्यायची. त्यातून ट्यूब बेसावधपणे फुटली तर काचांचा मारा माणसाला जन्माची खूण करून जातो, आणि बंद टीव्हीच्या ट्यूबवरही उच्च दाबाचा विद्युत्‌भार टिकून राहू शकतो, म्हणून मामांनी बोलता बोलता पेचकसाला वायर जोडून लाल टोपणाखालचा भार जमिनीला उतरविला देखील. ई-कचऱ्याचे नियम १ मे २०१२ पासून अमलात आहेत आणि तेव्हापासून ते अधिक कडक होत आले आहेत. तेव्हा टीव्ही परवानाधारक पुनर्वापर केंद्राकडे द्यावा आणि पोच घ्यावी, असे भाचीने सुचविले. मामांनी फ्लायबॅक तेवढे काढून ठेवण्याची परवानगी मागितली. ते कशाला लागणार, असे तिने विचारताच ते म्हणाले, कोणाला तरी लागते.

इतके ठरेपर्यंत मामी किसननगरहून डबा घेऊन शेडमध्ये आल्या. मामांनी त्यांना मोठ्या उत्साहाने सारा तहनामा ऐकविला : पडदा ओट्याकडे वळणार, स्वयंपाक करता करता मालिका पाहता येणार, पंखा रात्रभर चालणार. मामींनी डबा पत्र्याच्या त्या हिशेबी तुकड्यावर ठेवला, पिशवीतून चमचे काढले आणि म्हणाल्या, ‘‘मालिका मी घरी बघते. या गाडीत ओट्यावरचा दिवा कधीपासून गेलाय. मी मोबाईलच्या उजेडात भाजी चिरते. आधी तो लावा.’’

भाचीने डबा अलगद बाजूला सरकविला, ‘चपटा’ या शब्दाच्या वर रिकामी जागा शोधली, तिथे ‘ओट्यावर एलईडी दिवा, ५ वॉट’ असे लिहिले आणि त्यापुढे १ हा आकडा घातला. पडदा २ वर गेला. मामांनी पत्रा वाचला, आणि फ्यूज दोन नव्हे, तीन लागतील, एवढीच दुरुस्ती सुचविली.